चाळिशीच्या आतली

"फुंका, फुंका, फुंका... अजून... सोडू नका मावशी, अजून!"

लंकाबाईंनी डोळे गच्च मिटले, उरलासुरला श्वास नळीत सोडला आणि खोकत ओसरीच्या खांबाला टेकल्या. तिसरी वेळ होती. स्वप्नाने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि तो अर्जावर लिहिताना पेन जरा सावकाश चालवलं. वय छपन्न. फुप्फुसं मात्र ऐंशीच्या पुढच्या माणसाची असावीत, अशी.

"बिडी वगैरे?"

"मी? न्हाई बाय. मिसरी व्हती, ती पण सोडली."

"चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात?"

लंकाबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "कळायला लागल्यापसून. आता चार वरसं झाली, सून करती."

स्वप्ना घोडेगावची, राजरत्न मास्तरांची मुलगी. नर्सिंग झाल्यावर दीड वर्षापासून ती पुण्यातल्या एका संस्थेच्या अभ्यासात काम करत होती. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या डोंगरातल्या बायकांना चाळिशीनंतर दम का लागतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा किती, असा तो अभ्यास. आधी श्वासाची तपासणी, मग दोन दिवस गळ्यात एक छोटं यंत्र. कापडी पिशवीत बसणारं ते यंत्र आजूबाजूची हवा आत ओढायचं आणि दर मिनिटाला तिच्यातला धूर मोजायचं. ते गळ्यातच राहिलं की खुंटीवर टांगलं गेलं, हे समजावं म्हणून त्यात चालण्याफिरण्याची, चढ-उताराचीही नोंद व्हायची.

धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत स्वप्ना दुसऱ्यांदा आली होती. तिने पिशवी लंकाबाईंच्या गळ्यात अडकवली. लंकाबाईंनी ती लगेच हातात घेऊन उलटीपालटी केली.

"वारं कुठनं घेतं ह्ये?"

"इथून. या भोकातून."

"झोपल्याव?"

"उशाशी ठेवायचं. तेव्हाही मोजतं."

"आन् कुनी घातलंय, ते कळतं का याला?"

स्वप्ना हसली. "एवढं शहाणं नाही ते."

तेवढ्यात आतून चहाचे कप घेऊन रत्ना आली. लंकाबाईंची सून, तेवीस-चोवीस वर्षांची. पोट सहाव्या महिन्याचं. कप ठेवताना तिने तोंडावर पदर धरून खोकल्याची एक उबळ दाबली. लंकाबाईंची नजर तिच्याकडे गेली आणि परत पिशवीवर आली.

"हिला घालता यील का?"

"नाही मावशी. चाळिशीच्या पुढच्याच बायका घ्यायच्या आहेत. नियम आहे तसा."

"आसं व्हय," लंकाबाई म्हणाल्या, आणि चहा बशीत ओतला.

दोन दिवसांनी स्वप्ना यंत्र परत घेऊन गेली. रविवारी सकाळी घोडेगावात आपल्या टेबलापाशी बसून तिने त्यातली नोंद संगणकावर उघडली आणि खुर्ची पुढे ओढली.

पहाटे साडेपाचला धुराची रेघ एकदम वर चढली होती. संध्याकाळी साडेसहाला त्याहून उंच. दोन्ही दिवस तसंच. ही स्वयंपाक करणाऱ्या बाईची रेघ होती. एव्हाना अशा कितीतरी रेघा पाहून ती स्वप्नाच्या ओळखीची झाली होती. पण लंकाबाई स्वयंपाक करत नव्हत्या. घरात गॅस असल्याचंही अर्जावर लिहिलं होतं.

यंत्र बिघडलं असेल, असं आधी वाटलं. तिने ते स्वतःच्या गळ्यात घालून दिवसभर घरात वावरून पाहिलं. ठीक होतं. मग तिने हालचालीची नोंद काढली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यंत्र उतारावरून खाली गेलं होतं. ओढ्याकाठची विहीर त्याच बाजूला. वीस मिनिटांनी ते परत चढ चढलं. न थांबता, एका लयीत. थोड्या वेळाने पुन्हा खाली, पुन्हा वर.

स्वप्ना पडद्याकडे बघत राहिली. लंकाबाई अंगणातून ओसरीवर येताना दोनदा थांबल्या होत्या. तिने स्वतः पाहिलं होतं.

बुधवारी ती दुपारच्या गाडीने वाडीत उतरली. लंकाबाई ओसरीवर सूप घेऊन वरई पाखडत होत्या. स्वप्ना शेजारी बसली. यंत्र कुणाच्या गळ्यात अडकवलं, त्याच्या कागदावर तिची सही होती. वाटेत तिने बरीच वाक्यं जुळवली होती. तोंडातून सरळच निघालं.

"मावशी, यंत्र कुणी घातलं होतं?"

सूप थांबलं नाही. "कळलं व्हय त्याला?"

"कळलं."

"तुमी तर म्हनलात, कळत न्हाई."

"घातलंय कुणी ते नाही कळत. पण हंडा घेऊन चढ चढलं कुणीतरी, ते कळलं."

लंकाबाईंना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. तो शमेपर्यंत त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. "थांबत न्हाई ती. किती येळा सांगितलं, टेकत टेकत ये."

"पण असं का केलंत? माझी नोकरी आहे मावशी. सगळी नोंद चुकली."

"तुमी गेल्या, आन् मी काढून तिला घातलं. ती नगं नगं म्हनत व्हती, तिला बोल लावू नका." लंकाबाईंनी वरईतला एक खडा उचलून अंगणात टाकला. "माजं काय ऱ्हायलंय मोजायचं? तुमच्या नळीनं सांगितलंच की. गोरख पोटात व्हता तवा मी पन चुलीपुढंच. डोळं गळायचं, छाती भरायची. कुनी इचारलं न्हाई, मला पन कधी वाटलं न्हाई. धूर तो धूर. आता मोजायचं मशीन दारात आलं. म्हनलं, बघावं तरी हिच्या आत किती जातंय ते."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"पहिलं पाचव्या महिन्यात गेलं तिचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "धुरानं गेलं का कशानं, देवाला ठावं. मी कुठं म्हनती धुरानंच गेलं. पर बघावं."

सरपणाची मोळी घेऊन रत्ना परड्यातून आली. स्वप्नाला बघून तिने मोळी तिथेच टाकली आणि नजर चोरली. आपण काहीतरी फोडलं-मोडलं असावं, तशी ती दाराशी उभी राहिली.

स्वप्नाने मोबाइल काढला. "ये. बघ तुझे दोन दिवस."

तिघी त्या छोट्या पडद्यावर वाकल्या. रत्नाने आधी लांबूनच पाहिलं, मग बोट पुढे केलं.

"ह्यो डोंगर कशाचा?"

"पहाटे साडेपाच."

"पाणी तापवायची येळ ती. मग भाकरी." बोट सरकलं. "आन् ह्ये सपाट?"

"दुपार. बारा ते दोन."

"पेंढा रचत व्हते मी खळ्याव." तिचा चेहरा खुलला होता. आपला दिवस असा रेघेत बसलेला तिने कधी पाहिला नव्हता. बोट पुढे गेलं आणि सगळ्यांत उंच टोकावर थांबलं. "ह्ये?"

"पहिल्या दिवशीची संध्याकाळ. साडेसहा."

"लाकडं वली व्हती त्या दिशी. पेटंनातच." तिने बोट काढून घेतलं. "लई हाय का ह्ये?"

स्वप्नाने उत्तर मनात दोनदा फिरवलं. "दिवसभरात जेवढा धूर चालेल म्हणतात ना, त्याच्या वीसपट भरतो सगळा मिळून."

रत्नाने खांद्यावरचा पदर पुढे घेतला आणि पोटावर पसरला.

"याचा कागुद मिळंल का?" लंकाबाईंनी विचारलं. "ह्यांना दावायला. गोरखनं गॅस आनून दिला. तो पारगावला साखर कारखान्याव टॅक्टर चालवतो, सीजन संपल्याबिगर येत न्हाई. गॅस ऱ्हायला चहापुरता. ह्यांना भाकर चुलीवरचीच लागती."

"कागद नाही देता येत मावशी. रत्ना अभ्यासात नाही. जिचं नावच नाही, तिचा कागद कसा देऊ?"

"नाव न्हाई, पर धूर तर हाय," लंकाबाई म्हणाल्या. रागावून नाही. खरोखरच कोडं पडल्यासारख्या.

फोनला रेंज फक्त वाडीच्या वरच्या खडकावर यायची. स्वप्ना तिथे चढून गेली आणि तिने पुण्याला मॅडमना सगळं सांगितलं.

"म्हणजे ते घर गेलं," मॅडम म्हणाल्या. "काढून टाका नोंद. आणि कारण लिहा. खरं कारण."

"हो मॅडम."

"थांबा, ठेवू नका. त्या घरात चुलीपुढे कोण बसतं म्हणालात?"

"सून."

"आणि बाकीच्या घरांत?"

स्वप्नाला सांगता येईना. अर्ज पिशवीत होते. ती खडकावर मांडी घालून बसली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकेक गुडघ्याखाली दाबत मोजू लागली. आतापर्यंतची सत्तेचाळीस घरं. त्यातल्या एकतीस घरांत स्वयंपाक सून करत होती. दम सासूला लागायचा म्हणून यंत्र सासूच्या गळ्यात, आणि सासू आता ओसरीवरच्या वाऱ्यात बसलेली. जिच्या फुप्फुसात आज धूर जात होता, ती चाळिशीच्या आतली म्हणून कुठल्याच कागदावर नव्हती. चहा देऊन ती आत जायची.

तिने फोन पुन्हा कानाला लावून आकडा सांगितला.

"दीड वर्ष," मॅडम म्हणाल्या. "आपल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही."

"लंकाबाईंच्या आलं," स्वप्ना म्हणाली.

ती खाली उतरली तेव्हा सावळेराम रानातून आले होते. लंकाबाईंचे यजमान, साठीचे, काटक. अंगणात गवताचा भारा सोडत होते. गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, हे त्यांच्या पाठीवरूनच समजत होतं.

"यंत्र काय वो, भरलं तसं बोलनार," ते भाऱ्याकडे बघत म्हणाले. "आमची आय चुलीपुढंच म्हातारी झाली. ऐंशी वरसं जगली."

"शेवटी काय झालं होतं त्यांना?" स्वप्नाने विचारलं. वाद घालायचा म्हणून नाही. अर्ज भरताना ती प्रत्येक घरात हे विचारायची.

सावळेराम गवताची पेंढी झटकत राहिले.

"बसूनच झोपायच्या," लंकाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "साहा वरसं. पाठीशी गोधड्या लावून. आडव्या झाल्या का जीव गुदमरायचा."

"वय झालं व्हतं," सावळेराम म्हणाले. मग त्यांनी पेंढी खाली टाकली आणि स्वप्नापुढे येऊन उभे राहिले. "घाला बघू मला ते."

"बाबा, पण तुम्ही..."

"चाळिशीच्या फुडचाच हाय की मी."

हसू लपवायला रत्नाने पदर तोंडाला लावला. स्वप्नाने पिशवीतलं दुसरं यंत्र काढलं, त्यातला आकडा तिच्या मोबाइलवर लगेच दिसायचा, आणि ते सावळेरामांच्या सदऱ्यावर अडकवलं. अंगणात आकडा अडतीस होता.

उन्हं परड्याच्या कडेला सरकली होती. रत्नाने नेहमीप्रमाणे चूल पेटवून तवा ठेवला. सावळेराम आत गेले. "तू भाईर व्हय," त्यांचा आवाज आला. रत्ना पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि सासूजवळ उंबऱ्याला टेकून बसली.

आकडा साठ झाला. मग दोनशे दहा. फुंकणीचा घुमल्यासारखा आवाज आला आणि कौलांच्या फटींतून निळसर धूर वर निघाला. पाचशे. सातशे चाळीस. आत खोकला सुरू झाला. आधी घसा साफ केल्यासारखा, मग खोल.

स्वप्ना उठली. "बास बाबा, या बाहेर!"

"बसा तुमी," लंकाबाईंनी तिचा हात धरला. पकड पक्की होती. "पहिलीच भाकर व्हायाची ही. दहा थापती ती."

अकराशे. आतला खोकला थांबेना. रत्ना बसल्या जागी चुळबुळ करत होती, बोटांवरचं पीठ चोळून काढत होती. लंकाबाई दाराकडे बघत होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. एक, दोन, तीन... एवढ्या वेळात किती भाकरी झाल्या असत्या, ते त्या मोजत होत्या.

त्या सातावर पोचल्या तेव्हा सावळेराम बाहेर आले. डोळे लाल, गालांवरून पाण्याचे ओघळ. ते कुणाकडे न बघता रांजणापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकून उभे राहिले. स्वप्नाने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही. सदऱ्यावरचं यंत्र काढून हलक्या हाताने तिच्या ओंजळीत ठेवलं.

तवा जळत असेल म्हणून रत्ना सवयीने उठली.

"रत्ना."

ती दचकली. चार वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"बस तिथं."

ते पुन्हा आत गेले. चुलीतलं लाकूड ओढून त्यावर पाणी टाकल्याचा चर्र आवाज झाला. कौलांतून धुराचा शेवटचा लोट निघाला आणि विरत गेला. मग आत काही तरी खाली पडलं, उचललं गेलं. लायटरचा टक्, टक् असा आवाज येऊ लागला. थांबला. परत आला. लंकाबाईंनी रत्नाकडे पाहिलं, रत्नाने स्वप्नाकडे.

"आरं, याचं बटान कुन्या अंगाला फिरवायचं?" आतून प्रश्न आला.

रत्नाने मान दाराकडे वळवली.

"डावीकडं, मामंजी," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "आदी दाबायचं. मंग फिरवायचं."