मिशीची गाडी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती फाट्यावर मिशीवरून भांडत होती. मिशी आमच्या सरपंचांची, आप्पासाहेबांची; आणि ती आईने एसटीच्या थांब्याच्या काळ्या भिंतीवर चुन्याने काढली, असा त्यांचा आरोप होता.

"केवळाबाई, ही कुणाची मिशी म्हणायची?"

"मिशीवर नाव लिवलंय का, सायेब? लिवलं असंल तर वाचून सांगा. मला कुठं वाचता येतंय."

खडी फोडायला निघालेल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. सकाळचं ऊन आत्ताच चटके देत होतं. फाट्याच्या दोन्ही अंगाला काळी रानं हात जाईल एवढी भेगाळली होती.

"प्यायला घोटभर पाणी न्हाई गावात, न् तू भितीला चुना पाजलालीस!"

"थुकी लावून कालवलाय. तुमच्या टँकरला हात न्हाई लावला."

"पुसून टाक. नव्या जिल्ह्याचे सायेब येणार हायेत दुष्काळाचं काम बघायला. त्यांनी ह्ये बघायचं का?"

"सायबाला वाचता येतंय की. त्येनं पाटी बघावी. ह्ये आमच्यासाठी हाय."

ती मिशी म्हणजे खरं तर 'ल' होता. लातूरचा.

जिल्हा एक होता तोवर आईची काही अडचण नव्हती. उस्मानाबादची पाटी शंभर पायांच्या घोणीसारखी लांबलचक. ती दिसली की मागं सरायचं. माहूरची पाटी आखूड, खाली शेपूट. मग लातूर जिल्हा झाला आणि लातूरच्या गाड्या वाढल्या. ती पाटीही आखूड, खाली शेपूट. गेल्या हिवाळ्यात आई आणि शेजारची धुरपतामावशी माहूरला म्हणून निघाल्या आणि लातुरात गंजगोलाईच्या बाजारपेठेत उतरल्या. मावशीने एका दुकानदाराला विचारलं, "देवीचा डोंगर कुणीकडं?" त्याने मिरच्यांचा ढीग दाखवला. आई घरी येऊन म्हणाली, "देवीचं देऊळ तर तिथंबी निघालं. डोंगर तेवढा ऱ्हायला."

मी मुरुडला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा हे ऐकून मी म्हटलं, "गाडीत चढताना विचारायचं होतं कुणाला तरी."

"इचारलं की म्हणतात, म्हातारे, पाटी दिसत न्हाई का? मग दिसत न्हाई म्हणावं का वाचता येत न्हाई म्हणावं? दोन्हीला हसतेत."

"मी बाराखडी शिकवते तुला."

"मला गाडीत बसायचंय, मास्तरीण व्हायचं न्हाई. तू फक्त मला लातूर न् माहूर शेजारी लिवून दाव."

मी पाटीवर लिहून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. "अगं, ही तर आप्पासायबाची मिशी!" 'म' तिला खाटेसारखा दिसला, पायाला करडू बांधलेल्या. निलंग्याचा 'नि' म्हणजे डोक्यावर पदर घेतलेली बाई. झालं. फाट्याची भिंत तिने दोन दिवसांत भरून टाकली. कामावर जाता-येता बाया भिंतीपुढे उभ्या राहून ओळखायला लागल्या. खडीच्या कामाला सुट्टी असेल त्या दिवशी माहूरला जायचं, असं ठरलं. बाप्या माणूस बरोबर न घेता.

आम्ही बौद्ध. देवीशी आमचं काही देणंघेणं नाही. आप्पासाहेबांनी तेही काढलं. "तुला काय करायचंय गं माहूर? नवस हाय का तुझा?"

"माझं न् देवीचं भांडणबी न्हाई न् नवसबी न्हाई. मला झाडं बघायचीत. तिथं म्हणं एका झाडाची सावली दुसऱ्या झाडावर पडती. आपल्या शिवारात सावली पडायला झाड सापडंना, सायेब."

"मजा करायला चाललीस म्हण की!"

"हाव. तुम्ही तमाशाला जाता, आम्ही झाडाला."

आप्पासाहेब तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खडीवर भाकर खाऊन बाभळीखाली आडवी झाली. मुकादमाने हाक मारली तेव्हा धुरपतामावशी म्हणाली, "निजू द्या जरा, लई दिवसानं डोळा लागलाय तिचा." काम सुटल्यावर मावशी तिला उठवायला गेली.

आईचा जलदान विधी झाला. लगेच पुढच्या सकाळी भिंत पांढरी झाली. टँकरच्या पाण्याचं पिंप भरून चुना कालवला होता. मावशीने तेवढ्यातही आप्पासाहेबांना विचारलंच, "कामून सायेब, थुकी पुरली न्हाई का?"

खडीला सुट्टी होती त्या दिवशी बाया फाट्यावर आल्या. नेसायला ठेवणीतली लुगडी, फडक्यात भाकरी, आणि तोंडं उतरलेली. भिंत एवढी पांढरी, की बघवत नव्हती. खाली ओट्यावर आप्पासाहेब फेटा बांधून साहेबांच्या जीपची वाट बघत बसले होते.

"तुला पाटी वाचता येती," एक बाई मला म्हणाली. "तू सांग म्हणजे झालं."

"तिनं सांगायचं न्हाई," धुरपतामावशी म्हणाली. "ही मुरुडला गेल्यावर पुन्हा कुणाच्या तोंडाकडं बघायचं? गप ऱ्हा गं पोरी. आम्हीच बघतो."

मी मागे सरले. लांबून धुरळा उठला. गाडी आली. उन्हात पाटीची काच चमकत होती, काही दिसेना. बाया पुढे सरल्या, मागे झाल्या. एकीने पाय उचललाही.

"आगं थांबा!" आप्पासाहेब ओट्यावरून ओरडले. "तुमची न्हाई ती, मिशी हाय!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग आप्पासाहेबांचा हात आपोआप ओठांवर गेला, आणि बाया अशा हसल्या, की ड्रायव्हरने वाकून बघितलं. एकजण तर हसता हसता रडायलाच लागली. आप्पासाहेब म्हणाले, "हसा, हसा. तुमच्या नादानं माझी पोरंबी घरात तसंच म्हणायलीत." लातूरची गाडी निघून गेली.

पुढची गाडी आली तेव्हा मावशी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डोळे बारीक करून तिने पाटी बघितली. माझे ओठ हलत होते, ते मी दाताखाली धरले.

"खाट हाय!" मावशी ओरडली. "करडूबी बांधलंय! चढा गं!"

माहूरचीच होती. बाया एकमेकींना ढकलत चढल्या, खिडक्यांवरून भांडल्या. मी मागच्या बाकावर बसले. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि बायांकडे निरखून बघायला लागला.

"ह्याच फाट्यावरच्या ना तुम्ही? मग ती ठेंगणी म्हातारी न्हाई आली?"

धुरपतामावशी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली.

"आवो, हात करून गाडी थांबवायची. आम्ही म्हणायचो बसंल, तर पुढं उभी ऱ्हाऊन पाटी बघायची न् म्हणायची, 'बराबर हाय, जाऊ द्या.' डायवर शिव्या द्यायचा. पण परवा त्योच म्हणला, म्हातारी दिसंना फाट्यावर. कुठंय ती?"

धुरपतामावशी खिडकीबाहेर बघायला लागली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हळू आवाजात सांगितलं होतं, आई गेली. शाळेला पत्र लिहिलं, त्यातही आईचं निधन झाल्याचं कळवलं.

"मेली," मी म्हणाले. पुढच्या बाकावरच्या बायांनी वळून बघितलं, एवढ्या मोठ्याने. "माय मेली माझी."