कुंपणाचा खटला

वर्ना स्टबलफिल्डने पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"लिही ना, वर्ना," काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळाचा प्रमुख रॉय हॅगर्टी म्हणाला. "कागदपत्रांचा निधी गुरांच्या प्रदर्शनाच्या मंडपाला. ठराव मंजूर."

"कोणी मंजूर केला?"

"सगळ्यांनी. नेहमीसारखा."

"आज नेहमीसारखं नाही. एकेकाने नावानिशी हो किंवा नाही म्हणायचं. त्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही."

चारही सभासदांनी माना वर केल्या. न्यायालयाच्या दफ्तरदाराने सभेत लिहावं, बोलू नये, असा त्या टेक्सासच्या काउंटीचा रिवाज. वर्ना दफ्तरदार म्हणून लोकांच्या मतांनी निवडून आलेली, तरी तिने तो निमूट पाळला होता. पण तिने लिहिल्याशिवाय ठराव हा ठराव होत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

घटस्फोट असो, मृत्युपत्र असो की शेजाऱ्याशी भांडण, खटला दाखल करणाऱ्या प्रत्येकाकडून तिच्या कचेरीच्या खिडकीवर थोडी जादा फी घेतली जायची, जुने कागद जपण्यासाठी. माणसं कुरकुरायची. वर्ना प्रत्येकाला एकच सांगायची, "तुमचाही कागद टिकावा म्हणून." इकडे तळघरातल्या पत्र्याच्या डब्यांत तेच कागद ओलीने एकमेकांना चिकटत होते. निधी साठत होता आणि ही मंडळी खर्चाची मंजुरी दर वर्षी पुढे ढकलत होती. तिने खिडकीवर दिलेला शब्द यांनी खोटा पाडला होता. त्याचीच तिला चीड होती.

"उंदरांखेरीज कोण विचारतं त्या कागदांना?" सभासद ड्वाइट प्रुइट म्हणाला. "मेलेल्यांची भांडणं ती! इकडे पोरं वासरं धरून उन्हात उभी असतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर नको?"

हे काही खोटं नव्हतं. वर्नाची नातसुद्धा त्याच उन्हात उभी असायची.

"छप्पर हवंच. त्याचे पैसे वेगळे उभे करा. हे लोकांनी कागदासाठी दिलेत."

"दिलेत कसले? तू खिडकीत बसून उकळलेस!"

सगळे हसले. तेवढ्यात सभा बघायला आलेल्या लोकांतून, मागच्या बाकावरून ओटिस ब्लेडसो उठला. खिडकीवर वर्नाला तोंडावर लुटारू म्हणणारा म्हातारा तो हाच.

"मी ही फी तीनदा भरली," ओटिसने हॅट छातीशी धरली. "दोन बायका सोडून गेल्या तेव्हा दोनदा. मग कुंपणावरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं तेव्हा. दर वेळी या बाईला शिव्या घातल्या. दर वेळी ही म्हणाली, तुमचाच कागद टिकावा म्हणून. आता मंडप बांधायचाय? बांधा की! आधी माझे पैसे परत द्या."

"ओटिस, खाली बस बाबा," रॉय म्हणाला.

"माझेही द्या," दाराजवळून एक बाई म्हणाली. मग तिच्या शेजारचा माणूस उभा राहिला, मग आणखी कोणी कोणी.

रॉयने घाम पुसला. निवडणूक तोंडावर आली होती. "विषय पुढे ढकलू या."

"ढकलायलाही नावं लागतील," वर्ना म्हणाली आणि तिने पेनाचं टोपण काढलं. "पण आधी मूळ ठरावावर मतं. बोला."

मघाशी हसणाऱ्या सभासदांतला पहिला हळूच "नाही" म्हणाला. दुसरा त्याच्या तोंडाकडे बघून "नाही" म्हणाला. तिसराही तेच. प्रुइट मात्र ताठ बसला होता.

"माझं हो. आणि ठळक लिही."

"लिहिलं. तुझंही टिकवीन," वर्ना म्हणाली. रॉयनेही खाली बघत "नाही" म्हटलं. लगेच पुढचा विषय आला, तळघरातले कागद वाळवून जपण्याच्या खर्चाचा. तोही नावानिशी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते न उघडते तोच ओटिस हजर. "काय केलंस माझ्या पैशाचं ते दाखव."

ती त्याला तळघरात घेऊन गेली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भिंतीला काळी बुरशी होती, जमिनीवर पाणी. तिने कुंपणाच्या खटल्याची फाइल काढून त्याच्या हातात दिली. कडांचा पार लगदा झाला होता. मधल्या पानावर मात्र त्याच्या भावाची सही अजून वाचता येत होती. भाऊ दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता. तोवर दोघांत बोलणं नव्हतं, हे गावाला माहीत होतं.

ओटिसने त्या सहीवर अंगठा टेकवला.

"यात मी हरलो होतो, वर्नाबाई," तो म्हणाला. "तरी आधी हीच वाळव."