मोठ्या बॅगेत ठेव

विमानतळावर तपासणीवाल्या बाईने पर्समधली रुमालाची पुरचुंडी सोडली आणि आतली पत्र्याची बंदूक दोन बोटांनी उचलली. नळीचा लाल रंग उडालेला, निखळलेला चाप दोऱ्याने बांधलेला. रांगेतले एक गृहस्थ उगीचच दोन पावलं मागे सरकले.

"हे काय, आजी?"

"खेळण्यातली आहे. माझ्या मुलाची, लहानपणची."

"खेळण्यातली असली तरी जवळ ठेवता येत नाही. मोठ्या बॅगेतून गेली असती."

"ती बॅग तर गेली केव्हाच."

शिवणबाई ओशाळं हसल्या. सारा जन्म शाळेत शिवण शिकवण्यात गेला. निवृत्त होऊनही हे नाव काही सुटलं नव्हतं. आता मुलाने परदेशी बोलावून घेतलं होतं, कायमचं. घरात सोमवारी भाडेकरू येणार होते, शिलाई मशीन शेजारणीकडे गेलं होतं. मुलगा वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण पोरगं इतकं गुणाचं की नाही म्हणायला तोंडच नव्हतं. विमानाला पाऊण तास उरला होता.

"मुलाने सांगितलं नव्हतं का?"

शिवणबाईंनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. 'नाही सांगितलं' असं म्हणायचं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण मुलींचे चुकलेले टाके उसवायला लावण्यात हयात गेलेली, ऐन वेळी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"सांगितलं होतं. दोनदा. मीच सकाळी मोठ्या बॅगेतून काढून इथे घातली."

"का?"

"शेजारणीच्या जावयाला अशाच बंदुकीपायी अडवलं होतं. विमान चुकलं त्याचं. घरी परत आला, चांगला आठ दिवस राहिला."

तपासणीवाल्या बाईने बंदूक पुन्हा रुमालावर ठेवली आणि मान वर न करता हळूच म्हणाली,

"या टोपलीत टाकलीत तर पाच मिनिटांत सुटाल. रीतसर नोंद करायची तर साहेब लागतील, आणि साहेब जेवायला गेलेत. तासभर तरी यायचे नाहीत. तुम्ही सांगाल तसं."

परतीचं दार कुणी असं सताड उघडून धरेल असं शिवणबाईंना वाटलंच नव्हतं. नुसतं 'बोलवा त्यांना' म्हणायचं होतं. मशीन काय, संध्याकाळी परत आणता आलं असतं.

ट्रेमधला फोन वाजला. बाईने तो त्यांच्या हातात दिला.

"आई, पोचलीस ना आत?" मुलाला बोलताना धाप लागत होती. "रजा टाकलीय मी. तुझ्या खोलीत खिडकीशी मशीन लावलंय, नवंकोरं. तुझ्या नातीने दारावर कागद चिकटवलाय, आजीची खोली म्हणून. आणि माझी बंदूक? मोठ्या बॅगेत ठेवलीस ना? पोरीला ती द्यायचं कधीचं कबूल केलंय मी."

"हो रे," शिवणबाई म्हणाल्या. "मोठ्या बॅगेतच आहे."

फोन ठेवून त्यांनी चापावरचा दोरा एकदा चाचपला. तो त्यांनीच बांधला होता, मुलगा रडून रडून झोपल्यावर. मग बंदूक टोपलीत सोडली. तळाशी पत्रा खणकला. रुमालाची त्यांनी नीट चौकोनी घडी केली.

"कुठून जायचं?" त्यांनी विचारलं.

बाईने बोटाने वाट दाखवली आणि मागच्या गृहस्थांचा ट्रे पुढे ओढला.