मॅ बुआची आमटी

पोलीस ॲक्शनला महिना उलटला आणि नाकेबंदीत गायब झालेले नारळ हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजारात पुन्हा दिसू लागले. हिम्मतरावाने दोन नारळ घेतले आणि मनाशी ठरवून टाकलं, आज काही झालं तरी सयामी आमटी करायचीच.

तो इंग्रजांच्या फौजेत होता. सिंगापूर पडल्यावर कैदी झाला, मग आझाद हिंद फौजेत गेला आणि ब्रह्मदेशातून माघार घेताना सयामातल्या एका खेड्यात तापाने कोसळला. तिथल्या एका बाईने त्याला अडीच महिने घरात ठेवून जगवलं. परत आल्यावर तो एवढंच बोलला, "एका बाईने सांभाळलं," आणि उरलेली गोष्ट गल्लीने आपली आपण रचली. यानं तिकडे बायको केली आहे, मूलसुद्धा असेल. शेजारच्या सुशीलाबाईंनी ती घरोघर पोचवली. जुळत आलेली दोन स्थळं मोडली. तेव्हापासून सयामचं नाव निघालं की त्याची आई, मालनबाई, उठूनच जायची. रागापेक्षा तिला धास्ती जास्त होती, की पोरगा एक दिवस परत तिकडे निघून जाईल.

गवती चहा परसात होता. लिंबाची कोवळी पानंही मिळाली. अडलं ते एका मुळीवर. दिसायला आल्यासारखी, पण वास निराळा. कोठी बाजारातले दोन अत्तार नाही म्हणाले, तिसऱ्याने त्याचं वर्णन ऐकून डबा उघडला.

"पान की जड होना बोलो ना मियाँ! बिर्यानी पकारे क्या?"

हिम्मतरावाने त्या कोळिंजनाचा तुकडा नाकाशी धरला. तोच वास. क्षणभर त्याला दुकान दिसेनासं झालं.

घरी येऊन त्याने मुळी गरम पाण्यात भिजत घातली आणि ती मऊ झाल्यावर तिच्यासोबत पाट्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, गवती चहाचे बुंधे, कोथिंबिरीची मुळं घेऊन वाटायला बसला.

मालनबाई दारात आली. "हे काय मांडलंस? सर बाजूला, मी वाटते."

"आज नाही सरत, माय."

"कोणाची आमटी करायलास, कळतंय मला." ती उंबऱ्यावरच बसली. आज मात्र उठून गेली नाही.

पहिला नारळ वाया गेला. चुलीत जाळ जास्त झाला, वाटण तळाला लागलं आणि करपल्याचा वास घरभर पसरला. हिम्मतरावाने पातेलं उचललं, परसात रिकामं केलं, राखेने घासलं आणि दुसरा नारळ फोडला. पुन्हा खवला. पुन्हा वाटण. मिरचीने बोटांची आग होत होती. नारळाचं दाट दूध पातेल्यात पडलं, तशी मालनबाई पुढे आली आणि तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

"दूध फाटेल अशानं," ती म्हणाली.

दुधाला तेल सुटू लागलं. त्याने वाटण परतलं, पातळ दूध ओतलं, वांग्याच्या फोडी टाकल्या, मीठ, गुळाचा खडा, शेवटी लिंबाची पानं चुरगळून. आई मासळी खात नसे, म्हणून तिकडे घालतात तसली वाळली कोळंबी घातली नाही.

"मॅ बुआ याच्यात कोळंबी घालायची," तो म्हणाला.

मालनबाईच्या कपाळावर आठी पडली. "मॅ बुआ. हेच का नाव तिचं?"

"नाव बुआ. मॅ म्हणजे माय."

तिने मान वर केली. "माय?"

"तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठीच असेल. दात गेले होते सगळे. तिचा लेक जपान्यांनी कामाला धरून नेला, तो आलाच नाही. मला त्याच्या चटईवर निजवायची. ताप उतरला तेव्हा ही आमटी केली आणि खुणेनं म्हणाली, घरी गेलास की तुझ्या मायला खाऊ घाल."

"आन् दोन वर्षं तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

"तू ऐकत कुठं होतीस? नाव काढलं की उठायचीस."

मालनबाईने पदर डोळ्यांना लावला. मग ताटली ओढली, भात घेतला आणि त्यावर आमटी वाढून घेतली. पहिल्या घासाला तिला ठसका लागला. पाणी प्यायली. दुसरा घास घेतला, तिसराही.

"तिखट लई आहे," ती म्हणाली. "पण बरी आहे. जेवली असेल का रे ती, तुला वाढून?"

हिम्मतरावाने तिच्या ताटलीत आणखी एक पळी आमटी वाढली.

ताटली पुसून झाल्यावर तिने मोठा वाडगा काठोकाठ भरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तडक सुशीलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला.

"घ्या हो सुशीलाबाई, खाऊन बघा. माझ्या हिम्मताला जिनं जगवलं, त्या म्हातारीच्या हातची रीत आहे. आणि बसा जरा, नीट सांगते तुम्हाला सगळं."