कारण विचारू नये

सहावी ते आठवीच्या त्या शाळेत नियम एकूण एकेचाळीस होते आणि त्यांतले निम्मे तरी ऑफिसातल्या बाईंनी स्वतः टाइप केले होते. मोबाइल गेटवर जमा करायचा. उशीर झाला तर गुलाबी चिठ्ठी. गृहपाठ राहिला तर बुधवारी थांबून पुरा करायचा. नव्या मुलाला पहिला महिनाभर वर्गातला एक जोडीदार द्यायचा, म्हणजे डबा खाताना ते पोर एकटं पडत नाही. मुलं बाईंना किल्लीबाई म्हणत, कारण त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर शाळेतल्या झाडून सगळ्या किल्ल्या लटकत होत्या. बाई सरळ बोलतील तर शपथ. खडूची पेटी न्यायची तरी रजिस्टरात सही लागे. "उद्या झाडूच्या काड्यासुद्धा मोजून घेतील," असं शिपाईमामा म्हणत, आणि बाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एका किल्लीचं मात्र रजिस्टर नव्हतं. ती जिन्याखालच्या खोलीची.

नियम तेविसावा असा होता: प्रत्येक विद्यार्थ्याने कपड्यांचा एक जादा जोड, नाव लिहिलेल्या कापडी पिशवीत, जिन्याखालच्या खोलीत ठेवावा. आणि त्याखाली एक ओळ: खोलीची किल्ली मागणाऱ्याला कारण विचारू नये.

हा नियम झाला तो एका मुलीमुळे. दोन वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक आई ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभी राहिली होती. मुलगी सहावीत, नुकतंच ऑपरेशन झालेलं. लघवीवर ताबा कधी राहायचा, कधी नाही. डॉक्टर म्हणत होते की सुटेल हळूहळू, पण वेळ लागेल.

"तिची एक पिशवी कुठे कोपऱ्यात ठेवू द्याल का?" आईने विचारलं होतं. "कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "एकटीची ठेवली तर आठवड्याच्या आत शाळाभर होईल. पोरांच्या तोंडात तीळ भिजतो होय? त्यापेक्षा सगळ्यांच्याच ठेवू या."

तेव्हाच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दुसऱ्याच दिवशी सही केली. कारण ठाऊक होतं तिघींना. पुढे मोठ्या बाई निवृत्त होऊन लेकाकडे परगावी गेल्या, आणि उरल्या दोघी.

मुलगी आता आठवीत होती. दुखणं बरंच कमी झालं होतं, पण संपलं नव्हतं. गेल्याच मंगळवारी ती खिडकीशी येऊन नुसती उभी राहिली होती, आणि बाईंनी मान वर न करता किल्ली सरकवली होती.

आणि अशात मोठ्या बाईंच्या जागी नवे सर आले. माणूस भला, हसतमुख, कामाचा उरक दांडगा. त्यांना एकेचाळीस नियम एका कागदावर बसवायचे होते. "पालक वाचतच नाहीत हो बाई एवढं सगळं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग त्यांचं बोट तेविसाव्यावर थांबलं.

"याची गरज किती जणांना पडते?"

"पडते."

"पडते म्हणजे? रजिस्टर बघू."

"याचं रजिस्टर नाही."

सर हसले. "सुतळीच्या गुंडीचं रजिस्टर आहे तुमच्याकडे, आणि याचं नाही? बाई, मला एक आकडा द्या, मी नियम ठेवतो. नाहीतर शनिवारी पालकांसमोर मांडू आणि काढून टाकू."

आकडा कुठून देणार? जन्मभर प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली, आणि जी मुद्दाम लिहिली नाही तीच आज मागितली जात होती. सरांना खरं सांगावं असं एकदा मनात आलं. पण सर होते मोकळ्या मनाचे. शनिवारी सगळ्यांसमोर "आपल्या एका आजारी विद्यार्थिनीसाठी" म्हणून मोकळे झाले असते, तेही चांगल्याच हेतूने. बाईंनी त्या आईला शब्द दिला होता. त्या गप्प राहिल्या आणि दोन रात्री नीट झोपल्या नाहीत.

शनिवारी सभागृह भरलं. मुलांच्या बाकांवर आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. आठवीतल्या काही मुली पाण्याचे पेले फिरवत होत्या, आणि त्यांत ती मुलगीही होती. मोबाइलवरच पाऊण तास वाद झाला. गुलाबी चिठ्ठी वाचली, बुधवार वाचला, जोडीदाराला तर टाळ्या पडल्या. मग तेविसावा आला.

फर्निचरचं दुकान असलेले एक वडील उभे राहिले. अंगाने भरदार, आवाज त्याहून.

"माझा मुलगा सातवीत आहे हो, पाळण्यात नाही! जादा कपडे कसले ठेवायचे?" हशा पिकला. तसा त्यांना आणखी चेव आला. "आमच्या वेळी होत्या का पिशव्या? ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही त्याने घरी बसावं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. तीनच आठवड्यांपूर्वी याच माणसाचा मुलगा खिडकीपाशी भिंतीला पाठ लावून उभा होता. एक अक्षर बोलला नाही, नुसतं फळीकडे बोट दाखवलं होतं. हे आत्ता एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या भरदार आवाजाची पार हवा गेली असती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

सरांनी सभागृहावरून नजर फिरवली. "बघा, मी नियम उगाच काढत नाही. या खोलीची ज्यांना गरज पडली असं इथे कुणी आहे का?"

विचारलं त्यांनी अगदी सरळ मनाने. पण तिसऱ्या ओळीत शिवणकाम करणाऱ्या त्या आईने मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि बाकाला हात टेकून ती उठू लागली. दाराशी तिची मुलगी हातात ट्रे घेऊन थांबली होती. ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजत होते.

"मी आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. बाई उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा चढाच लागला.

"मी बारा वर्षांची होते. गणितात पहिला नंबर होता माझा. एके दिवशी वर्गात माझा फ्रॉक खराब झाला. का झाला ते इथल्या बायकांना सांगायला नको. गुरुजी आले, सगळी मुलं उभी राहिली आणि मी बसून राहिले. त्यांना वाटलं मस्ती करते. त्यांनी मला कारण विचारलं. सगळ्यांसमोर, तीनदा. मग हाताला धरून उभं केलं."

बाईंनी चष्मा काढून बाकावर ठेवला.

"दप्तर मागे धरून घरी गेले मी. भर बाजारातून. महिनाभर शाळेत आले नाही. परत आले तेव्हा गणिताच्या तासाला छातीत धडधडायचं, ते शेवटपर्यंत. ही गोष्ट मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेली नाही, आमच्या ह्यांनाही नाही. मला तेव्हा काय हवं होतं सांगू? एक पिशवी, आणि काही न विचारणारं एक माणूस. ज्याचं जळतं त्याला कळतं, सर. या किल्लीचं रजिस्टर मी ठेवणार नाही. नियम काढायचा तर काढा."

बाई बसल्या. तिसऱ्या ओळीतली आई अर्धवट उठली होती, ती सावकाश खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. तशा आणखी चारपाच जणी पुसत होत्या, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "तेविसावा राहील," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खालच्या ओळीसकट."

मुलगी ट्रे घेऊन पहिल्या बाकापासून पाणी द्यायला लागली. बाईंपाशी आली तेव्हा तिने पेला हातात दिला आणि त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. बाईंनी पाणी घटाघट पिऊन टाकलं.

सोमवारी सकाळी घंटा व्हायच्या आधीच खिडकीशी फर्निचरवाले उभे होते. हातात नवी कापडी पिशवी, तिच्यावर मुलाचं नाव मोठ्या अक्षरात.

"काल त्याला विचारलं, पिशवीत कपडे धड आहेत ना रे? तर म्हणतो, रिकामीच आहे." आवाज आज निम्म्यावर आला होता. "म्हणजे वापरले ना त्याने? कधी? बाई, काय झालं होतं त्याला?"

बाईंनी काचेवर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. नियम तेविसावा.

"पण हे मुलांसाठी आहे. मी बाप आहे त्याचा."

"मुलांसाठीच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सांगत नाही."

त्यांनी तो कागद खालच्या ओळीपर्यंत वाचला. शनिवारी आपण काय बोललो ते त्यांना आठवत असावं, आणि घरी रोज काय बोलतो तेही. पिशवीचा बंद त्यांनी दोनदा सोडला आणि दोनदा बांधला. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या खिडकीत जागा नव्हती.

"किल्ली मिळेल का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी फळीवरून किल्ली काढली आणि मान वर न करता सरकवली.