न धुतलेला स्वेटर

लाँड्रीवाल्या कडककाकांनी एकतीस वर्षांत दुकानात एकदाही सिगारेट पेटवली नव्हती, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. कडक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी इस्त्री केलेल्या पँटच्या घडीने भाजी चिरता येईल असं आम्ही गल्लीतले लोक म्हणायचो, त्यावरून ते पडलेलं. "गिऱ्हाईक विश्वासाने कपडा देतं," काका सांगत, "त्याला धुराचा वास लागला तर धुऊन काय उपयोग?" म्हणून दिवसभर कळ काढायची आणि संध्याकाळी घरी गेलं की झोपायच्या खोलीतल्या खुर्चीत बसून सगळी कसर भरून काढायची. एकीवर एक, पाकीट संपेपर्यंत. लोकांच्या कोटांना एवढा जपणारा हा माणूस घरात मात्र कुणाला जपत नव्हता. तसं म्हणणारी एकच होती, आणि तिचं म्हणणं ते हसण्यावारी न्यायचे.

ती म्हणजे काकू. काउंटर त्यांच्याकडे. आलेला कपडा आधी नाकाशी न्यायच्या, मग त्याला नंबराची चिठ्ठी टाचायच्या. "हा तेलकट आहे, वेगळा टाका. हा दवाखान्यातला, औषधाचा वास मारतोय." काकांचं नाक सिगारेटने कधीच कामातून गेलं होतं. एकदा तर इस्त्रीखाली शर्ट जळत होता आणि यांना पत्ता नाही. काकू धावत आल्या म्हणून बाही जळण्यावर निभावलं. "हात तुमचे, नाक माझं," त्या म्हणायच्या, "असं चाललंय आपलं दुकान."

त्याच काकूंना खोकला लागला आणि हटता हटेना. छातीचे फोटो झाले, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. मग विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

काका फरशीकडे बघत बसले. काकूच म्हणाल्या, "दुकानातली वाफ बाधली असेल हो."

डॉक्टरांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. जन्मात कधी सिगारेटला हात न लावलेल्या काकू सात महिन्यांत गेल्या.

त्यांचा राखाडी स्वेटर खोलीच्या दारामागे खिळ्याला अडकवलेला होता, तो तसाच राहिला. रोज ढिगाने कपडे धुणाऱ्या माणसाने तेवढा एक धुतला नाही. तिचा वास आहे त्यात, काका म्हणायचे. आपल्याला येत नाही तो भाग वेगळा. रोज संध्याकाळी त्यात तोंड खुपसायचे, काही म्हणजे काही कळायचं नाही, मग खुर्चीत बसून पेटवायचे. वर्ष असंच गेलं. एकदा लेक राहायला आली तेव्हा तिनेही तो स्वेटर नाकाशी धरला, झटकन परत अडकवला आणि तोंड फिरवून बाहेर निघून गेली. पोरीला भरून आलं, काकांना वाटलं.

पुढे जिना चढताना त्यांना तीनदा थांबावं लागायला लागलं, तेव्हा लेकीनेच ओढून डॉक्टरांकडे नेलं. "जेवढं बिघडलंय ते बहुतेक भरून येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आज सोडलीत तर उरलंय ते टिकेल. दम कमी लागेल. तोंडाला चव येईल, हळूहळू वासही यायला लागेल."

"वास येईल?" काकांनी पुन्हा विचारून घेतलं.

स्वतःच्या जिवासाठी त्यांनी सिगारेट सोडली नसती, हे मी पैजेवर सांगतो. वासासाठी सोडली. स्वेटर त्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला. पहिले काही दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं, साध्या बटणावरून गिऱ्हाइकांवर खेकसत होते. खोकून खोकून बरगड्या दुखल्या. खिशाकडे हात गेला की टाचण्यांची डबी चाळवत बसायचे. दुसऱ्या महिन्यात जिना एका दमात चढले. आणि पाचव्या महिन्यात एका दुपारी, इस्त्री फिरवता फिरवता, त्यांना ओल्या गरम सुताचा वास आला.

काकांनी इस्त्री उभी केली. ढिगातला एक शर्ट उचलून नाकाशी नेला. घाम. दुसऱ्याला तेल. तिसऱ्याला साबण. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं. "काका, काय शोधताय?" काकांनी उत्तर न देता त्याचे कपडे त्याच्या हातात ठेवले आणि भर दुपारी शटर ओढलं.

घरी येऊन दुकानाचा वास राहू नये म्हणून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. मग पिशवी सोडली आणि स्वेटर तोंडाशी धरला.

धूर. शिळा, कडवट धूर. त्यांनी गळा हुंगला, बाह्या हुंगल्या, उलटा करून आतली शिवण न् शिवण हुंगली. सगळीकडे तेच. हा वास काढायचा कसा हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या धुण्यात काकूंचं जे काही उरलं असेल तेही जाणार होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. "आईच्या स्वेटरला धुराचा वास येतोय गं," ते म्हणाले.

"बाबा! वास यायला लागला?" ती आधी हरखलीच.

"तू तेव्हा आईचा स्वेटर नाकाशी धरला होतास. तुला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? घेऊन जायचा होतास तुझ्याकडे. वर्षभर त्याच्यासमोर बसून ओढली गं मी. माझ्या हाताने तिचा वास घालवला." काका रडायला लागले.

लेकही रडत होती. "नाही घालवलात, बाबा. आईचा वास हाच होता. शाळेतून येऊन तिच्या कुशीत शिरले की हाच यायचा. दुसरा कुठला मला आठवतच नाही."

फोन कधी बंद झाला ते काकांना कळलं नाही. दहा पावलांवरून शर्टाचा डाग ओळखणारं काकूंचं नाक त्यांना आठवलं, आणि इतकी वर्षं ते नाक या खोलीत निजत होतं. काकांनी स्वेटर पुन्हा तोंडाशी धरला आणि उरल्यासुरल्या फुप्फुसांत मावेल तेवढा श्वास आत घेतला.