झडपेवरचे पाच थर

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो. वाचनालयाच्या सपाट छताखाली, काचेच्या मोठ्या भिंतीच्या माथ्यावर माझी जागा. तीस वर्षांत मी उघडलेली नाही. आज सुतारकाका शिडीवर चढून माझा रंग खरवडत आहेत, तेव्हा माझी गोष्टही तशीच ऐका. वरून आत.

पाचवा थर, पांढरा.
गेल्या वर्षीचा. तो वाळतो न वाळतो तोच ठरले, ही इमारत म्हणजे भट्टी आहे, काचा काढून वीटकाम करा.

चौथा, तिसरा.
हिरवट. पिवळट. या वर्षांतले फारसे आठवत नाही. वारा बाहेरून माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि निघून जायचा.

"काका, आटपा ना! चारला ठेकेदार येतोय," खालून इंजिनिअरबाई म्हणाल्या. "खोली तशीच तापलेली दिसली तर उद्या काचा फुटतात."
"बाई, जीव खाऊ नका. जोर केला तर झडपच हातात येईल."

दुसरा थर, निळा.
हाच तो. रंगाऱ्याने मला बंद ठेवूनच रंगवले. फट बुजली. शिपाईमामांनी मला उघडायची दोरी ओढली, पुन्हा ओढली. "रुसली वाटतं," म्हणाले आणि दोरी गुंडाळून खिळ्याला टांगली. मग उकाडा आला, पंखे आले, गारव्याची यंत्रे आली. तरी उकाडा हटेना, वाचक येईनासे झाले.

पहिला.
हा रंग नव्हेच, तेल. तेव्हा खालच्या खिडक्यांतून गार हवा शिरायची, पाने चाळायची, तापून वर यायची आणि माझ्यातून बाहेर पडायची. म्हणून दाराशी टोपलीभर गोटे असत. पुस्तक घेताना वाचक एक गोटाही उचलायचा, पानावर ठेवायला. टोपली अजून तिथेच आहे. "वाचनालयात दगड कशाला?" एवढा एकच प्रश्न इंजिनिअरबाईंना पडला, आणि इथे पाने उडवणारा वारा कुठून यायचा हे शोधत त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

कर्र.

दोरी ओढली गेली. मी उघडले! किती वर्षांचा कोंडलेला उकाडा माझ्यातून बाहेर पडला आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा आत शिरली.

चार वाजता ठेकेदाराने नव्या भिंतीचा नकाशा टेबलावर पसरला. तो उडाला. पुन्हा पसरला, पुन्हा उडाला.
"अहो, काहीतरी ठेवा यावर!" तो वैतागला.

बाई हसत दाराशी गेल्या.

मित्रांनो, एखादी इमारत उकडते म्हणून तिच्यावर घण घालण्याआधी एकदा वर बघा. तिथे खिळ्याला एखादी दोरी टांगलेली असेल. ओढून बघा. आम्ही रुसलेलो नसतो.